पडक्या घरांचें वाङ्मय

इंग्रजी प्रवासवाङ्मयाच्या एका शाखेला गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत विलक्षण बहर आला आहे. तिचा सांगाडा आतां इतका ठरून गेला आहे, कीं पुस्तक हातीं घेतांच पुढचीं प्रकरणें वाचकानें मनाशींच सांगावीं. मोठ्या शहरांतील धकाधकीस विटलेलें एक सुशिक्षित जोडपें परदेशांतील एखाद्या खेडेगांवीं सुटीसाठीं जातें. तेथें डोंगराच्या उतरणीवर, ऑलिव्हच्या नाहीं तर द्राक्षांच्या मळ्यांत, एक लहानसें दगडी घर आणि त्याला लागून असलेलें गुरांचें व धान्याचें पडकें आवार त्यांच्या दृष्टीस पडतें. शहाण्या आप्तेष्टांचा सल्ला न जुमानतां तीं दोघें तें विकत घेतात. मग छप्पर गळूं लागतें, विहीर आटते, गवंडी ‘उद्यां येतों’ म्हणून महिनाभर तोंड दाखवीत नाहीं, नळांचा कारागीर काम सोडून तत्त्वज्ञान सांगत बसतो, शेजारचा शेतकरी आधीं संशयानें पाहतो आणि मग घरची दारू व मळ्यांतली भाजी घेऊन येतो. अखेर वर्ष संपतां संपतां भिंतींना चुना लागतो, चुलींत जाळ पेटतो, आणि जोडपें सुखानें जेवावयास बसतें.

असलीं पुस्तकें आवडीनें वाचणाऱ्यांस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. मोडलेली वस्तु पुन्हां उभी राहतांना पाहण्यांत एक निर्मळ समाधान आहे. आणि ज्यांनीं आयुष्यांत एकदां तरी घराचीं कौलें बदलून घेतलीं आहेत, त्यांना फ्रान्समधल्या गवंड्याचे वायदे ऐकून परकें वाटण्याचें कारण नाहीं. परंतु एकाच साच्यांतून इतकीं पुस्तकें निघूं लागलीं म्हणजे टीकाकाराला एक काम करणें प्राप्त होतें. त्यांतलें चांगलें कोणतें आणि नुसतें गोड कोणतें, हें ओळखण्याची कसोटी त्यानें शोधून काढली पाहिजे. भाषेची सफाई, विनोद, निसर्गवर्णन हीं परिमाणें आहेतच. पण तीं कोणत्याही प्रवासवर्णनास लागूं पडतात. या वाङ्मयाचा खास विषय पडकें घर हा आहे, म्हणून त्याची कसोटीही त्या विषयांतूनच निघावयास हवी. आमच्या मतें ती अशी : हें घर रिकामें कां पडलें आणि त्यांतलीं माणसें गेलीं कोठें, हा प्रश्न लेखकाला पडतो कीं नाहीं, आणि पडत असल्यास त्याच्या उत्तरानें पुस्तकांत कांहीं फरक होतो कीं नाहीं.

हा प्रश्न आम्ही उगाच उपस्थित करीत नाहीं. घर केवळ म्हातारपणानें पडत नसतें. दगडी भिंती आणि ओक लाकडाच्या तुळया चार-चार शतकें टिकतात. परंतु दरसाल शाकारणी करणारा हात थांबला, कीं एका सरकलेल्या कौलांतून पाणी तुळईच्या टोकाशीं उतरतें, टोंक कुजतें, तुळई खचते, आणि खचतांना भिंतीचा माथाही ओढून घेते. एवढ्यास एका माणसाचें अर्धें आयुष्यही लागत नाहीं. तेव्हां पडकें घर ही कोणी तरी निघून गेल्याची नोंद होय. खरेदीदाराला जी स्वस्ताई वाटते, ती त्या गांवाच्या इतिहासांत बहुधा आपत्ति म्हणून घडलेली असते.

या दृष्टीनें प्रथम पीटर मेल यांचें ‘अ ईअर इन प्रोव्हान्स’ हें पुस्तक पाहूं. जाहिरातींच्या धंद्यांत नांव मिळविलेल्या या इंग्रज गृहस्थानें दक्षिण फ्रान्समधील ल्युबेराँ डोंगराच्या पायथ्याशीं, मेनेर्ब गांवाजवळ, दोनशें वर्षांचें एक दगडी शेतघर विकत घेतलें. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची पहिली आवृत्ति लहानशीच होती. पुढें मात्र त्याच्या लाखों प्रती खपल्या, आणि आज जो साचा आपल्या परिचयाचा झाला आहे, तो बहुतांशीं याच पुस्तकानें पाडला. जानेवारी ते डिसेंबर अशीं बारा प्रकरणें. पहिल्याच महिन्यांत थंडीनें फुटणारे नळ. आणि त्या निमित्तानें घरांत शिरलेली कारागिरांची फौज वर्षभर बाहेर पडत नाहीं. त्यांतला शेवटचा प्रसंग तर सुरेखच आहे. अर्धवट पडलेलीं कामें नाताळापूर्वीं पुरीं व्हावीं म्हणून मेलबाई सर्व कारागिरांना सहकुटुंब मेजवानीस बोलावतात. आपलेंच काम तेवढें अपुरें दिसावें, तेंही बायकोच्या डोळ्यांदेखत, हें कोणालाच सोसण्यासारखें नसतें. मनुष्यस्वभावाची ही जाण आणि तो हलका हात यांना आम्ही मनापासून दाद देतों.

तथापि आमच्या कसोटीस हें पुस्तक पुरतें उतरत नाहीं. मेल यांच्या द्राक्षवेलांची मशागत शेजारचा शेतकरी वांट्यानें करतो. ही जुनी वहिवाट लेखक आपल्याला सांगतो खरा. पण ती एका सोयीस्कर व्यवस्थेची हकीकत म्हणून सांगतो. जमीन कसणारा एक आणि धनी दुसरा, ही स्थिति या टापूंत कशी आली, एवढीं जुनीं घरें विक्रीस कां निघालीं, याची विचारपूस त्याच्या विनोदाला परवडत नाहीं. वास्तविक ती कथा त्याच्या अंगणांतच पडलेली होती. याच प्रदेशांत एके काळीं मंजिष्ठेच्या जातीचें रंगाचें झाड मोठ्या प्रमाणावर लावीत असत. फ्रेंच शिपायांच्या तांबड्या तुमानी त्याच रंगाच्या. १८६८ सालीं जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं तो रंग प्रयोगशाळेंत सिद्ध केला, आणि थोड्याच वर्षांत हें पीक बुडालें. त्याच सुमारास रेशमाच्या किड्यांवर रोग पडला होता. त्याचा छडा लावण्यासाठीं खुद्द पाश्चर दक्षिण फ्रान्समध्यें येऊन राहिला. तोंच अमेरिकेंतून आलेल्या एका सूक्ष्म किडीनें द्राक्षवेलींचीं मुळें पोखरून टाकलीं. एका पिढीच्या आंत तीन आधार गेले. पुढें पहिल्या महायुद्धानें गांवोगांवचे तरुण नेले. मेल यांच्या पुस्तकांतला शेजारी कसा जेवतो, कसा बोलतो, पावसाचा अंदाज कसा चुकवितो, हें सारें आपल्याला कळतें. तो मागें कां राहिला आणि त्याचे भाऊबंद कां राहिले नाहींत, हें मात्र कळत नाहीं. विनोदी पात्र होण्यासाठीं त्याला आपला भूतकाळ दाराबाहेर ठेवून यावें लागलें आहे.

फ्रान्सेस मेज यांचें ‘अंडर द टस्कन सन’ (१९९६) हें याच्या अगदीं उलट प्रकृतीचें पुस्तक आहे. मेजबाई कवयित्री आणि अध्यापिका. विनोदापेक्षां चिंतनाकडे त्यांचा ओढा. इटलींतील कोर्तोना गांवाजवळचें जें जुनें घर त्यांनीं १९९० सालीं घेतलें, त्याचें नांव ‘ब्रामासोले’, म्हणजे सूर्याची आस धरणारें. भिंत घासतांना जेवणघरांत जुनें चित्र उमटूं लागतें, तो प्रसंग त्यांनीं चांगला लिहिला आहे; पाककृतींचीं पानें तर कित्येक वाचकांनीं पुस्तकापेक्षांही अधिक वापरलीं असतील. परंतु या घरांतील प्रत्येक वस्तु लेखिकेला अखेर आपल्याच अंतरंगाकडे घेऊन जाते. मोडलेलें घर म्हणजे मोडलेलें मन आणि घराची डागडुजी म्हणजे मनाचें आरोग्य, हा संकेत पुस्तकभर इतका राबतो, कीं घराला स्वतःचें असें कांहीं आयुष्य उरत नाहीं. २००३ च्या बोलपटानें तर नायिकेला नुकताच घटस्फोट देऊन हा संकेत अगदींच उघडा केला.

टस्कनींतील शेतघरांचें स्वतःचें आयुष्य मात्र मोठें बोलकें आहे. तेथें शतकानुशतकें ‘मेत्साद्रिया’ नांवाची अर्धेलीची पद्धति चालत असे. जमीन आणि घर धन्याचें, कष्ट कुळाच्या सबंध कुटुंबाचे, आणि उत्पन्न निम्में निम्में. घराची बांधणीही या पद्धतीस धरून असे : तळमजल्यावर बैल आणि अवजारें, वर माणसें, बाहेरून दगडी जिना. खालच्या गुरांची ऊब वरच्यांना हिंवाळ्यांत मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर या कुटुंबांतील तरुण मंडळी कारखान्यांच्या वाटेस लागली, आणि १९६४ च्या कायद्यानें असे नवे करार करण्यास बंदी घातली. अर्धेली संपली ही गोष्ट चांगलीच झाली. आपल्या घामाचा निम्मा वांटा दुसऱ्याच्या कोठारांत घालण्याचें ओझें त्या माणसांच्या शिरावरून उतरलें. पण म्हणूनच हीं घरें ओस पडलीं. आज ज्या तळमजल्यांत पाहुण्यांसाठीं दिवाणखाना दिसतो, तेथें बैल बांधलेले असत. आणि ज्या साधेपणाचें आपल्याला एवढें कौतुक वाटतें, तो साधेपणा कोणी आवडीनें पत्करलेला नव्हता. मेजबाईंच्या गच्चीचे बंधारे पोलंडहून आलेले मजूर बांधतात. इटलीचे जुने कष्टकरी गेले आणि त्यांच्या जागीं दुसऱ्या देशाचे आले, ही केवढी मोठी हकीकत त्या एका तपशिलांत दडली आहे! मजुरांविषयीं लेखिकेला माया आहे, यांत शंका नाहीं. तिच्या चिंतनाचा ओघ मात्र त्यांच्या वाटेनें जात नाहीं.

ख्रिस स्ट्युअर्ट यांच्या ‘ड्रायव्हिंग ओव्हर लेमन्स’ (१९९९) या पुस्तकाकडे वळलें, म्हणजे हवा पालटल्यासारखी वाटते. एका प्रख्यात वाद्यवृंदांत सुरुवातीच्या दिवसांत ढोल वाजविणारा आणि पुढें मेंढ्यांची लोंकर कातरून पोट भरणारा हा मनुष्य स्पेनमधील आल्पुहारास डोंगरांत, नदीपलीकडचें, रस्ता नसलेलें एक शेत विकत घेतो. पुस्तक हसवितें, साचाही पुष्कळसा तोच आहे. पण दोन गोष्टींनीं तें वेगळें ठरतें. एक म्हणजे येथें घर विकणारा मनुष्य खरेदीखतावर सही करून नाहींसा होत नाहीं. जुना मालक विक्रीनंतरही कित्येक दिवस त्याच आवारांत राहतो, आपली जनावरें राखतो, आणि नवागताच्या अडाणीपणाकडे पाहून मान हालवितो. गेलेला मनुष्य पुस्तकांत हाडामांसाचा होऊन वावरत असल्यामुळें, ‘घर माझें’ हें वाक्य लेखकाला सहजासहजीं उच्चारतां येत नाहीं. दुसरी गोष्ट म्हणजे स्ट्युअर्ट स्वतः कष्टकरी आहे. मेंढ्या कातरण्याची कला घेऊन तो गांवांत शिरतो; त्याची पारख गांवकरी त्याच्या पैशावरून करीत नाहींत, त्याच्या हातावरून करतात. गांवाशीं त्याचें नातें जडतें तें त्यामुळेंच.

याही पुस्तकाला एक मर्यादा आहे, पण ती सांगतांना पुस्तकाचा मानच वाढतो. त्या डोंगरांतील पाण्याचे पाट ज्या शब्दानें ओळखले जातात, तो ‘आसेकिया’ हा शब्द मूळचा अरबी. ते पाट, त्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतजमिनी आणि तीं सपाट माथ्यांचीं घरें ज्या मुसलमान शेतकऱ्यांनीं आकारास आणलीं, त्यांच्या वंशजांनीं १५६८ सालीं बंड केलें. तें मोडल्यावर त्यांना तेथून घालवून देण्यांत आलें, आणि उत्तरेकडील माणसें आणून त्यांच्या घरांत वसविण्यांत आलीं. म्हणजे स्ट्युअर्टला शहाणपण शिकविणारा जो ‘मूळचा’ मालक, त्याचेही पूर्वज कदाचित् कोणाच्या तरी रिकाम्या घरांत शिरलेले परकेच असतील. हा विचार अधिक खोल नेला असता, तर हें खेळकर पुस्तक थोर झालें असतें.

तें थोरपण एका जुन्या पुस्तकाच्या वांट्यास आलें आहे, आणि तें या साच्याच्या कितीतरी आधींचें आहे. लॉरेन्स डरेल हा इंग्रज लेखक जन्मला आपल्याच देशांत, जालंदर येथें, १९१२ सालीं. १९५३ मध्यें तो सायप्रस बेटावर गेला, आणि बेलापेस गांवांत, एका जुन्या मठाच्या अवशेषांजवळ, त्यानें घर घेतलें. ‘बिटर लेमन्स’ (१९५७) या त्याच्या पुस्तकाच्या पूर्वार्धांत आज आपल्याला ठाऊक असलेलें सारें कांहीं आहे. एक तुर्की दलाल, विकणाऱ्या ग्रीक कुटुंबाचा गलबला, मेजावर ठेवलेली ती मोठी किल्ली आणि तिच्याभोंवतीं रंगलेली घासाघीस, हें प्रकरण विनोदी लेखनाचा नमुना म्हणून कोणत्याही पाठ्यपुस्तकांत शोभेल. गवंडी आहेत, पाण्याची अडचण आहे, ज्या झाडाखालीं बसलें असतां आळस अंगांत भरतो असें गांवकरी म्हणतात, तें झाडही आहे.

परंतु १ एप्रिल १९५५ रोजीं बेटावर इंग्रजांविरुद्ध सशस्त्र उठाव सुरू झाला, आणि त्या दिवसापासून पुस्तकाचा सूर पालटतो. डरेल तोंवर इंग्रज सरकारचा प्रसिद्धि-अधिकारी झाला होता. ज्या शेजाऱ्यांनीं भिंत कशी चढवावी हें त्याला शिकविलें, त्यांच्याच मुलांना पकडणाऱ्या राज्याचा तो नोकर. स्नेह खरा आणि सत्ताही खरी. दोन्ही एकाच उंबरठ्यावर उभीं राहतात. १९५६ मध्यें एका तरुण ग्रीकाला फांशीं दिल्यावर गांवकऱ्यांचें जें मौन तो वर्णितो, तें मेलच्या सर्व बोलक्या गवंड्यांपेक्षां अधिक बोलतें. घर बांधून पुरें झालें, पण राहतां आलें नाहीं. आणि न राहतां येण्याचें कारण छप्पर किंवा विहीर हें नव्हतें. पुढें १९७४ मध्यें तुर्की फौजा बेटाच्या उत्तर भागांत उतरल्या, बेलापेसचें मूळचें ग्रीक गांवही थोड्याच काळांत आपल्या घरांना मुकलें, आणि ‘हें घर कोणाचें?’ हा प्रश्न त्या बेटावर आजही न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहे.

डरेलही निर्दोष नाहीं. सायप्रसची राजकीय आकांक्षा तो कित्येकदां लहान मुलांच्या हट्टासारखी रंगवितो. कोस्तास मोंतिस या सायप्रसच्या कवीनें १९६४ सालीं एक छोटी कादंबरी लिहून त्याला उत्तर दिलें. तिच्या नांवाचा अर्थ ‘बंद दारें’ असा आहे. पाहुण्याला अंगण दिसतें, घर दिसत नाहीं, हेंच जणूं त्या नांवांतून तो सुचवितो. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं. ज्या घराविषयीं विकत घेणाऱ्यानेंही लिहिलें आणि आंतल्यानेंही उत्तर दिलें, अशीं घरें जगांत फार थोडीं. डरेलच्या पुस्तकाचें मोल असें, कीं तें उत्तर देण्याच्या योग्यतेचें ठरलें. मेलच्या पुस्तकाला कोणी ल्युबेराँकर असें उत्तर देण्याच्या भरीस पडेल असें आम्हांस वाटत नाहीं.

येथवर आम्ही राहत्या घरापुरतें बोललों. पण अशा शेतघराला लागून बहुधा दुसरी एक इमारत असते, आणि आमचें म्हणणें तिच्यावरून अधिक स्पष्ट होईल. इंग्रज तिला ‘बार्न’ म्हणतात. मराठींत तिला नेमका प्रतिशब्द नाहीं. कारण आपलें खळें उघड्या आभाळाखालीं, कोठार वेगळें आणि गोठा वेगळा. कोंकणांतील मांगर हा तिचा लांबचा आप्त म्हणतां येईल. इंग्लंडांत पावसाचा भरंवसा नसल्यामुळें पेंढ्यांची रास, मळणी आणि उपणणी हीं तिन्ही कामें एका छपराखालीं आणावीं लागलीं. म्हणून बार्नला समोरासमोर दोन उंच दारें असतात. भरलेली गाडी एका दारानें आंत यावी, रिकामी होऊन दुसऱ्या दारानें जावी. आणि दोन्ही दारें उघडीं टाकलीं, कीं मधल्या खळ्यावरून वारा वाहून भूस उडून जावें. भिंतींत बारीक फटी ठेवीत, त्या हवेसाठीं. माथ्याशीं एक भोंक ठेवीत, तें घुबडानें आंत येऊन उंदीर मारावेत म्हणून. या इमारतीची एकही रेषा शोभेसाठीं काढलेली नव्हती, आणि तरी ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येस ग्रेट कॉक्सवेल येथें मठवासीयांनीं बांधलेला, सुमारें सातशें वर्षांपूर्वींचा आणि दीडशें फूट लांबीचा बार्न विल्यम मॉरिसला एखाद्या महामंदिराच्या तोडीचा वाटत असे.

जुनी इमारत दुरुस्त करणें म्हणजे काय, यावर युरोपांत शंभर-सव्वाशें वर्षें जो वाद झाला, त्याचेंही येथें स्मरण करणें अवश्य आहे. फ्रान्समधील व्हिओले-ल-द्युक याचें मत असें, कीं इमारत तिच्या परिपूर्ण रूपांत आणावी, मग तें रूप पूर्वीं कधीं प्रत्यक्षांत नसलें तरी चालेल. जॉन रस्किननें १८४९ च्या आपल्या ग्रंथांत याच्या अगदीं विरुद्ध बाजू घेतली : गेलेल्या कारागिराचा हात परत आणतां येत नाहीं, म्हणून जीर्णोद्धार हा इमारतीचा नाशच होय. मॉरिसनें १८७७ मध्यें जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं मंडळ स्थापिलें, आणि एक व्यवहार्य मार्ग दाखविला. रोजची निगा राखा, पडतें तें सावरा, नवें काम केल्यास तें नवें म्हणून दिसूं द्या, आणि जुन्याचें सोंग आणूं नका. घरांच्या बाबतींत हा मार्ग पाळतां येतो. घर हें राहण्यासाठींच होतें. एक कुटुंब गेलें, दुसरें आलें, तरी त्याचा धर्म बदलत नाहीं.

बार्नचें तसें नाहीं. त्यांत माणसें राहत नव्हतीं, काम राहत होतें. हिंवाळ्यांत शेतमजूर तेथें काठीनें मळणी करीत, आणि त्या कामावर त्यांचे थंडीचे महिने निभत. १७८६ च्या सुमारास स्कॉटलंडांत मळणीचें यंत्र निघालें, आणि १८३० मध्यें दक्षिण इंग्लंडच्या मजुरांनीं तीं यंत्रें जागोजाग फोडलीं, तीं या हिंवाळ्याच्या भाकरीसाठीं. विसाव्या शतकांत कापणी आणि मळणी शेतांतच करणारें अवाढव्य यंत्र आलें. तें बार्नच्या दारांतून आंतही जाईना. मग बार्न ओस पडले. २०१४ पासून इंग्लंडांत शेतीच्या इमारतींचें राहत्या घरांत रूपांतर करण्याची वाट कायद्यानेंच सोपी केली आहे. अशा घरांचीं वर्णनें वाचलीं, कीं एक गोष्ट ध्यानांत येते. पहिल्यानें खरेदीदार भुलतो तो त्या उंच, अखंड, अंधाऱ्या पोकळीला. आणि राहावयाचें म्हटलें, कीं पहिल्यानें मोडावी लागते तीही पोकळीच. मधें मजला घालावा लागतो, छपराला खिडक्या पाडाव्या लागतात, वाऱ्याचीं तीं दोन दारें कांचेनें बंद करावीं लागतात. भिंती आणि तुळया वांचतात; पण वारा ज्यासाठीं आंत घेतला होता, तें काम कायमचें जातें. त्यास इलाज नाहीं. तथापि हें मोडणें ज्यानें पाहिलें आणि लिहिलें, तो लेखक. ज्यानें फक्त उघड्या तुळयांची शोभा वर्णिली, तो आपल्या मालाची जाहिरात करणारा मालक.

यावर कोणी म्हणेल, कीं मग या परक्यांनीं घरें घेऊंच नयेत काय? पडूं द्यावींत काय? आमचें म्हणणें असें मुळींच नाहीं. ज्या छपराखालीं कोणी नाहीं, तें टिकत नाहीं. सिसिलींतील सांबूका गांवानें २०१९ मध्यें एका युरोपासून बोली लावून ओस घरें विक्रीस काढलीं, तीं हौसेनें नव्हे. आपलीं मुलें परत येत नाहींत, निदान दिवा तरी लागावा, म्हणून काढलीं. परका आला तर गवंड्याला काम मिळतें, दुकान उघडें राहतें. आमचा आक्षेप खरेदीवर नाहीं, लेखनावर आहे. आणि त्या दोहोंना जोडणारें एक उदाहरण या दुरुस्तीच्या धंद्यांतच मिळतें. जुन्या दगडी भिंती चुन्यांत बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि पुन्हां बाहेर सोडतो. भिंत, जणूं, श्वास घेते. नवखा मालक घाईनें वरून सिमेंटाचा गिलावा देतो. भिंत चार दिवस गुळगुळीत, कोरडी दिसते. पण आंतली ओल कोंडून राहते, दगड झडूं लागतात, आणि तुळयांचीं टोकें भिंतीच्या आंतच कुजतात. म्हणून शहाणा कारागीर आधीं विचारतो, पूर्वींच्यानें काय वापरलें होतें? आम्ही ज्या पुस्तकांचा येथें परामर्श घेतला, त्यांतलीं जीं कमी प्रतीचीं, तीं अशा गिलाव्यासारखीं आहेत. तीं दिसावयास साफ आहेत, आणि गांवाची जुनी ओल त्यांच्याखालीं कोंडलेली आहे.

मराठी वाचकाला या वाङ्मयाचें अगत्य आणखी एका कारणासाठीं वाटावें. पडत्या घराविषयीं आपल्याकडे लिहिलें गेलें तें प्रायः आंतून. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकांत विदर्भांतील एका देशपांडे कुटुंबाचा वाडा खचत आहे, दाराशीं ट्रॅक्टर गंजत उभा आहे, आणि वडिलांच्या तेराव्याच्या खर्चापायीं वाड्याचाच घास पडण्याची वेळ आली आहे. वाडा विकत घेणारा त्या नाटकाचा नायक नाहीं. त्यांतून बाहेर पडतां न येणारीं आणि बाहेर पडून परत आलेलीं माणसें हीं त्याचा विषय आहेत. इंग्रजी पुस्तकें जेथून आरंभ करतात, तेथें हें नाटक संपतें. मेल किंवा मेज यांच्या घराला असा एक आधींचा अंक असलाच पाहिजे. तो त्यांनीं पाहिला नाहीं, एवढेंच.

आतां आपल्याकडेही काळ पालटत आहे. कोंकणांतील कितीतरी घरांना कुलपें आहेत. त्यांतलीं माणसें एके काळीं गिरण्यांसाठीं मुंबईस गेलीं आणि त्यांचीं नातवंडें गणपतीला चार दिवस येऊन जातात. गोव्यांतील जुनीं घरें दूरदूरचे शहरवासी विकत घेऊन दुरुस्त करीत आहेत. या घरांविषयींही आज ना उद्यां पुस्तकें निघतील. त्यांत चिऱ्याच्या भिंती असतील, मांगराचा पाहुण्यांसाठीं केलेला दिवाणखाना असेल, आणि वायद्याला न जागणारा गवंडीही असेल. तीं आम्ही आवडीनें वाचूं. मात्र घराची किल्ली नव्या मालकाच्या हातीं देऊन जो मनुष्य मागें न पाहतां एस्. टी. च्या थांब्याकडे चालूं लागला, त्याचें नांव त्या पुस्तकांत कोठें येतें, हें आम्ही आधीं पाहूं. आणि तें कोठेंच येत नसेल, तर पुस्तक कितीही सुबक असलें तरी त्याला दुसऱ्या ओळींतच बसवूं.